अलिफपासून अर्थापर्यंत

अकबर बादशहाच्या शिक्षणाची सुरुवात कशी झाली, याचा एक किस्सा अबुल फजलने अकबरनाम्यात नोंदवला आहे. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याला मक्तबात बसवायचे, ही हिंदुस्थानी मुसलमानांमधली जुनी रीत. आपल्याकडे तिला बिस्मिल्लाख्वानी म्हणतात. 1547 साली हुमायूनने आपल्या मुलासाठी हा समारंभ ठरवला. ज्योतिषांकडून मुहूर्त काढला, उस्ताद नेमला. ऐन मुहूर्ताला शहजादा गायब! तो खेळायला निघून गेला होता आणि शोधूनही सापडला नाही.

पुढे उस्ताद बदलले, पण अकबर काही पुस्तक वाचणारा झाला नाही. तो पुस्तके ऐकायचा. त्याच्यासमोर रोज ग्रंथ वाचले जात आणि वाचणारा जिथे थांबेल तिथे बादशहा स्वतःच्या हाताने खूण करी, असे आईन-ए-अकबरीत लिहिले आहे. गंमत म्हणजे लहान मुलांना अक्षरे कशी शिकवावीत, यावरचा एक अतिशय रोखठोक मजकूर याच बादशहाच्या दरबारातून आला आहे. तोही आईन-ए-अकबरीतच आहे.

त्या आईनची सुरुवातच तक्रारीने होते. सगळ्या देशांत, आणि हिंदुस्थानात विशेषच, मुलांना वर्षानुवर्षे मक्तबात बसवून अक्षरे आणि स्वरचिन्हे घोकायला लावतात. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग त्यातच वाया जातो, असे अबुल फजल म्हणतो. मग बादशहाची पद्धत सांगतो. मुलाने आधी अक्षरे लिहायला शिकावे. प्रत्येक अक्षराचा आकार आणि नाव यांना दोन दिवस पुरेत. मग जोडाक्षरे, त्यांना एक आठवडा. त्यानंतर लगेच थोडे गद्य, थोडे पद्य, ईश्वराची स्तुती किंवा एखादे नीतिवचन हाती द्यावे. ते समजून घेण्याचा प्रयत्न मुलाने स्वतः करावा, उस्तादाने फक्त थोडी मदत करावी. रोज एखादा मिसरा किंवा शेर लिहायचा सराव असावा. उस्तादाने पाच गोष्टींवर लक्ष ठेवावे: अक्षरांची ओळख, शब्दांचा अर्थ, मिसरा, शेर आणि मागचा धडा. असे केले तर जे शिकायला वर्षे लागत ते महिन्यात येईल, असा दावाही त्यात आहे.

दोन दिवसांचा हिशोब दरबारी आहे, हे कोणताही पहिलीचा शिक्षक सांगेल. पण त्या पाच गोष्टींचा क्रम पुन्हा वाचा. अक्षरानंतर लगेच अर्थ येतो. मूल स्वतः समजून घेईल, ही अपेक्षा आहे. आणि कालचा धडा आज तपासायचा, हेही आहे. बी.एड.ला आम्ही फ्रोबेल शिकलो, माँटेसरी शिकलो, आणि ते शिकायलाच हवे. पण साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्याच मातीत कुणी हा विचार मांडून ठेवला होता, याचा पत्ता आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. आपल्या मुलांच्या वाचनाबद्दल दोन वाक्ये मी कायम ऐकतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये: "हे मूल मक्तबात जाते, म्हणून अभ्यासात मागे पडते." आणि मोहल्ल्यात: "हमारा बच्चा तो फरफर पढता है, मग शाळेत त्याला वाचता येत नाही असे का म्हणतात?" ही दोन्ही वाक्ये एकाच गाठीची दोन टोके आहेत, आणि गाठ सोडवायची तर इतिहासात थोडे मागे जावे लागते.

कायदा कशासाठी होता?

आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले पुस्तक म्हणजे बगदादी कायदा. काही ठिकाणी त्याची जागा लुधियानाच्या मौलाना नूर मुहम्मद यांच्या नूरानी कायद्याने घेतली. दोन्हींचा मार्ग साधारण एकच आहे. आधी सुटी अक्षरे, मग जबर, जेर, पेश, मग जोडलेली अक्षरे, मग हिज्जे करत शब्द. "बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु." मराठी शाळेत शिकलेल्यांना हा ताल ओळखीचा वाटेल, कारण "बला काना बा, बला पहिली वेलांटी बि" हा तोच ताल आहे. अक्षर आणि खूण जोडून आवाज तयार करायचा, आवाज जोडून शब्द. आजच्या प्रशिक्षणांत फोनिक्स म्हणून जे मोठ्या थाटात सांगितले जाते, त्याचा गाभा हाच आहे.

पण कायद्याचे ध्येय वेगळे होते. मुलाने कुरआन नाजरा वाचावा, म्हणजे पाहून, शुद्ध उच्चारात वाचावा, एवढेच त्याला साधायचे होते. अरबी समजणे हा त्याचा विषयच नव्हता. कुरआनच्या छापील प्रतीत प्रत्येक अक्षरावर खुणा असतात, त्यामुळे एक शब्दही न समजता मूल अचूक वाचू शकते. कायद्याने जे ठरवले ते तो चोख करतो. त्याने जे कधी कबूलच केले नव्हते, त्याचा जाब आपण त्याला विचारतो.

मग मुलांना अर्थाशिवाय वाचायला लावणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न मुसलमान विद्वानांना पडला नव्हता का? पडला होता, आणि फार पूर्वी.

ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खलदून याने 1377 साली मुकद्दिमा लिहिला. इतिहासाचे शास्त्र म्हणून तो जगभर अभ्यासला जातो. त्यात मुलांच्या शिक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. इस्लामी जगात वेगवेगळ्या प्रदेशांत मुलांना काय आणि कसे शिकवतात, याची तुलना त्याने केली आहे. मगरिबात, म्हणजे आजच्या मोरोक्कोच्या बाजूला, मुलांना फक्त कुरआन आणि त्याचे लेखन शिकवत. ते पूर्ण होईपर्यंत दुसरे काही नाही. अंदलूसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, कुरआन पायाभूत होताच, पण त्याच्या जोडीला कविता, पत्रलेखन, व्याकरण आणि हस्ताक्षरही असे. पूर्वेकडच्या देशांत हस्ताक्षर शिकवणारे उस्ताद वेगळे असत. इब्न खलदूनचा निष्कर्ष स्पष्ट आहे: जिथे फक्त पाठांतर होते तिथल्या मुलांना भाषा वापरता येत नाही, अंदलूसच्या मुलांना येते.

पुढे तो सेव्हिलचे काझी अबू बक्र इब्न अल-अरबी यांचे मत देतो. काझींचे म्हणणे होते की मुलाला आधी भाषा आणि कविता शिकवा, मग हिशोब, आणि त्यानंतर कुरआन. तोपर्यंत त्याला भाषा आलेली असेल आणि वाचलेले कळेल. न समजणारी गोष्ट मुलाला वाचायला लावण्यावर त्यांनी कडक टीका केली आहे. हे बोलणारा माणूस मालिकी फिकहचा मोठा विद्वान होता, दीनचा विरोधक नव्हता, हे लक्षात घ्यावे.

इब्न खलदून या मताला चांगले म्हणतो, आणि मग त्याच्या आड येणारे कारण सांगतो. पालक कुरआन आधी का शिकवतात? कारण मूल लहान आहे तोवरच ते हातात असते. मोठे झाले की ते शिक्षण सोडून देईल, कामाला लागेल, भरकटेल. मग कुरआन राहूनच जाईल. म्हणून मिळालेली वर्षे ते आधी त्याला देतात. मूल शेवटपर्यंत शिकत राहील याची खात्री असती, तर काझींची पद्धत सर्वांत उत्तम, असे तो लिहितो.

मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. अर्थाआधी उच्चार, हा क्रम कुठल्या हुकुमातून आला नव्हता. तो गळतीच्या भीतीतून आला होता. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा पालकही हाच हिशोब करत होता की माझे पोर शाळेत किती वर्षे टिकेल, आणि तेवढ्यात काय साधून घ्यावे. त्याच ग्रंथात पुढच्याच प्रकरणात इब्न खलदून मुलांवरच्या मारझोडीविरुद्ध लिहितो. जबरदस्तीखाली वाढलेले मूल खोटे बोलायला आणि लपवायला शिकते, त्याचा उत्साह मरतो, असे त्याचे म्हणणे आहे. छडीचा बचाव परंपरेच्या नावाने करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

पंतोजींची शाळा

अर्थाशिवाय वाचन हा केवळ मक्तबाचा दोष होता, असे समजण्याचे कारण नाही. त्या काळात जगभर पहिले वाचन असेच होते. युरोपातली मुले कित्येक शतके लॅटिन प्रार्थना आणि स्तोत्रांवरून अक्षरे शिकत, आणि लॅटिन त्यांच्या घरात कोणी बोलत नसे.

महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि काडीने अक्षर काढायचे. सुरुवात ‘ओनामा सिधं’ने. हे ‘ओम नमः सिद्धम्’चे झिजलेले रूप, म्हणणाऱ्या पोराला त्याचा अर्थ ठाऊक नसे. मग मुळाक्षरे, बाराखडी, आणि पाढ्यांची लांबलचक रांग: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. संध्याकाळी सगळी मुले एका सुरात ओरडत. मक्तबातून जाणारा माणूस आणि पंतोजींच्या ओसरीवरून जाणारा माणूस यांना ऐकू येणारा गलका सारखाच असणार.

लिपीही दोन होत्या. पोथी-पुराणासाठी बालबोध, म्हणजे देवनागरी, आणि हिशोब, दस्तऐवज, पत्रव्यवहारासाठी मोडी. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध या दोन्हींचे वाचन-लेखन असावे, त्याबरोबर हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीची तोंडओळख असावी, अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या मुलाला सावकाराचा मोडी कागद वाचता आला पाहिजे, हे त्यामागचे सरळ गणित. गरिबाच्या मुलाला दोन लिप्या झेपणार नाहीत, असे जोतीरावांना वाटले नाही.

बालबोध या शब्दाकडेही पाहा. मुलांना बोध होईल ती बालबोध. लिपीच्या नावातच समजण्याची अट आहे.

अर्थाचे दार उघडणारे

उर्दूच्या जगात मुलाच्या हाती अर्थ देण्याचे प्रयत्न जुने आहेत. खालिक बारी हे यमकांत रचलेले छोटे पुस्तक अरबी-फारसी शब्दांचे हिंदवी अर्थ मुलांना गाता गाता शिकवत असे. परंपरेने ते अमीर खुसरोंच्या नावावर आहे. हाफिज महमूद शिरानी यांनी ते नंतरच्या काळातल्या दुसऱ्या खुसरोचे असल्याचे म्हटले. लेखक कोणीही असो, पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते पाठ केले. गालिबने कादिर नामा लिहिला तो याच वळणाचा. इतका अवघड शायर घरातल्या मुलांसाठी सोप्या यमकांची शब्दावली लिहायला बसतो, ही मला त्याची मोठी गोष्ट वाटते.

पण खरे वळण आणले ते मौलवी इस्माईल मेरठी यांनी. 1844 साली जन्मलेले, 1917 साली वारलेले मेरठी हे पेशाने शिक्षक. त्यांनी उर्दूची पहिली ते पाचवी अशी पाठ्यपुस्तके लिहिली आणि ती उत्तर हिंदुस्थानातल्या शाळांत कित्येक वर्षे चालली. त्यांची भाषा साधी, वाक्ये छोटी, आणि विषय मुलाच्या डोळ्यांसमोरचे. गाय, पाणचक्की, पावसाचा पहिला थेंब. तोवर उर्दू शिकणारे मूल अक्षरांनंतर फारसीतल्या गुलिस्ताँ-बोस्ताँकडे वळत असे. मेरठींनी त्याला आधी अंगणातली गाय दाखवली.

महाराष्ट्रात हेच काम वेगळ्या टोकाने ताराबाई मोडक यांनी केले. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर त्यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबाडला गेले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वारली मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात गेली. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने वापरली. मुलाच्या घरची भाषा आणि घरच्या वस्तू ही साक्षरतेची पहिली पाटी, हा त्या कामाचा धडा आहे.

उर्दूची एक खोड

आता वर्गात येऊ. आपल्या मुलाच्या पाठीवर आज किती लिप्या आहेत ते मोजा. सकाळी मक्तबात अरबी नस्ख. शाळा उर्दू माध्यमाची असेल तर नस्तालीकमध्ये उर्दू, शिवाय देवनागरीत मराठी आणि रोमनमध्ये इंग्रजी. दोन लिप्या उजवीकडून, दोन डावीकडून. आणि घरची बोली यांतली एकही नाही. कोकणात कोकणी, मराठवाड्यात आणि विदर्भात दखनीचे कुठले तरी रूप. "मेरेकू नक्को" म्हणणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातले "मुझे नहीं चाहिए" ही परकी भाषा वाटते. गंमत अशी की त्याचे "नक्को" मराठीतल्या "नको"चेच भावंड आहे, पण मराठीच्या तासाला हे त्याला कोणी सांगत नाही.

या लिप्यांमध्ये उर्दूची एक खोड आहे आणि माझ्या मते सगळी गाठ तिथे आहे. रोजच्या उर्दूत जबर, जेर, पेश लिहीत नाहीत. अलिफ आणि सीन मिळून लिहिलेला शब्द ‘इस’ही असतो आणि ‘उस’ही. बे आणि नून जोडले की ‘बन’, ‘बिन’ किंवा ‘बुन’. कोणता वाचायचा, हे अक्षर सांगत नाही. वाक्याचा अर्थ सांगतो. म्हणजे उर्दू समजल्याशिवाय वाचताच येत नाही. मराठीतही हे थोडे आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जगणे’ यांतला ‘ज’ एकच लिहितो, उच्चार वेगळे करतो. पण उर्दूत हे प्रत्येक ओळीत आहे.

मक्तबात खुणांच्या आधारे फरफर वाचणारे मूल म्हणूनच उर्दूच्या धड्यावर अडखळते. त्याला अक्षरे येत नाहीत असे नसते. समजून अंदाज बांधायची सवय त्याला कोणी लावलेली नसते. त्यातच ‘जे’च्या आवाजाची चार अक्षरे: जाल, जे, ज्वाद, जोय. मक्तबातले उस्ताद प्रत्येकाचा मखरज वेगळा काढायला लावतात, आणि उर्दूच्या बाई चारही एकसारखे वाचतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पण ही अरबी, ही उर्दू, एवढे एक वाक्य त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवे.

प्रश्न फक्त आपल्या मुलांचा नाही. असरच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या सुमारे 27 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येतो. केंद्र सरकारने 2021 साली निपुण भारत अभियान सुरू केले, त्याचे उद्दिष्टच तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे आहे. ‘समजून’ हा शब्द महत्त्वाचा. अबुल फजलच्या यादीतही तो दुसऱ्या क्रमांकावर होता.

मग करायचे काय?

इब्न खलदूनच्या काळातली भीती आठवा: मूल उद्या शिकणे सोडेल. आज सहा ते चौदा वयाच्या मुलाला 2009 च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क आहे. आठ वर्षे ते शाळेत असणार आहे, आणि मक्तबही आहे. ज्या टंचाईमुळे आधी उच्चार की आधी अर्थ असा पेच पडला होता, ती टंचाई बऱ्याच अंशी उरलेली नाही. दोन्हींची सोय आहे. जोडणारा हात तेवढा हवा.

शाळेने मक्तबाला ओझे समजणे थांबवावे. सहा वर्षांचे जे मूल "बे जेर बि" करू शकते, त्याला ‘खूण बदलली की आवाज बदलतो’ हे तत्त्व आधीच आलेले असते. त्याला वेलांटी त्याच धाग्याने शिकवता येते. ‘भ’ शिकवताना उर्दूत तो बे आणि दोचश्मी हे मिळून होतो, हे दाखवले की दोन्ही लिप्या एकमेकींना आधार देतात. मी हे वर्गात करतो, आणि मुलांना आपल्याला काहीतरी आधीच येते याचा जो आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो.

मक्तबाने रोजच्या सबकाला एका शब्दाचा अर्थ जोडावा. एकच. किताब, कलम, नूर, रहमत, इल्म असे कितीतरी शब्द मुलांच्या बोलण्यात आधीच आहेत. वाचताना ते भेटले की थांबून विचारावे, "हा शब्द घरी ऐकलाय का?" महिन्याभरात मूल अक्षरांच्या पलीकडे पाहायला लागते.

आणि घरी, मुलाने कोणत्याही भाषेतला धडा वाचून दाखवला की किती चुका झाल्या हे मोजण्याआधी विचारावे, "काय झालं रे त्या गोष्टीत?" उत्तर त्याने दखनीत द्यावे, कोकणीत द्यावे, हरकत नाही. वाचता न येणाऱ्या आईलाही हा प्रश्न विचारता येतो.

बिस्मिल्लाख्वानीत मुलाकडून सूरह अलकच्या पहिल्या आयती म्हणवून घेतात. ‘वाच’ हा त्यांतला पहिला शब्द, आणि थोड्याच पुढे कलमचा आणि माणसाला माहीत नव्हते ते शिकवल्याचा उल्लेख येतो. बद्रच्या लढाईत पकडलेल्या मक्केच्या कैद्यांपैकी ज्यांना लिहिता येत होते, त्यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, अशी अट पैगंबरांनी घातल्याची रिवायत आहे. शिकवणारे शत्रूपक्षाचे होते, मुसलमान नव्हते, आणि शिकवायचे होते ते लिहिणे. शाळेचे ज्ञान वेगळे आणि दीनचे वेगळे, अशी भिंत त्या पहिल्या वर्गात नव्हती. आपल्या मुलांच्या दोन वर्गांमधली भिंत आपण उभी केली आहे. ती उतरवायला सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. मोहल्ल्यातले उस्ताद आणि शाळेतल्या बाई एकदा एकत्र चहाला बसले, तरी सुरुवात होते.